चौथ्या मजल्यावरचं दार

माधवनगर, सांगली
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बनुआक्कांना राजेश्वरीचा वाकून नमस्कार.

आक्का, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. फोनवर मी "बरं आहे, बरं आहे" करते आणि ठेवून देते. मल्हारशीही तसंच. तो तिकडे अरुणाचलात पलटणीबरोबर, रेंज मिळाली तर आठवड्यातून एकदा दोन मिनिटं बोलणार. त्यात त्याला काय सांगू, की तुझ्या आईला नव्या घराचं भय वाटतं? कागदावर मात्र खोटं लिहायला हात धजत नाही. तुमच्या भावाच्या माघारी मन मोकळं करायला तुम्हीच आहात, म्हणून लिहिते.

फ्लॅट चांगला आहे. चौथा मजला, उजेड भरपूर, पाणी दोन्ही वेळा. कडेगावचं घर विकल्याचं मी रडगाणं गाणार नाही. ह्यांच्यामागं त्या सहा खोल्या झाडून माझी कंबर गेली होती. पण तिथं कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून कळायचं. इथं बेल वाजते, मी दारातल्या भोकातून बघते, तर ओळखीचा माणूससुद्धा फुगलेल्या तोंडाचा आणि बारीक पायांचा दिसतो. मग मी दार उघडतच नाही. परवा गॅस तपासायला आलेला माणूस वैतागून परत गेला. शेजारची अक्षता म्हणून मुलगी आहे, ती नंतर विचारून गेली, "काकी, घरात होतासा न्हवं?" मी म्हटलं, अंघोळीला गेले होते.

आणि पैसे. आक्का, हातात काही नव्हतं तेव्हा मी इतकी भित्री नव्हते हो. घराच्या पैशातून हा फ्लॅट झाला आणि उरलेले अठरा लाख बँकेत मुदतीच्या ठेवीत टाकले. माझं म्हातारपण म्हणजे ती ठेव आणि ह्यांची पेन्शन. पण ठेव टाकल्यापासून ज्याला त्याला माझा पुळका आलाय. कुणी विमा काढा म्हणतं, कुणी शेअर घ्या, खालच्या मजल्यावरच्या बायका भिशीला बोलावतात. सगळे गोड बोलतात आणि मला घाम फुटतो.

त्यात ते वरचे. घेणाऱ्यानं कागदावर किंमत कमी दाखवली आणि सहा लाख रोख दिले, हे तुमच्यासमोरच झालं. "वहिनी, सगळीच असं करत्यात. तुमचा बी कर वाचतोय, माझा बी," म्हणाला, आणि मी मान हलवली. आता बँकेत भरावे तर कुठून आले विचारतील. घरात ठेवावे तर झोप नाही. रोज जागा बदलते. काल माझे मलाच सापडेनात. पिठाच्या डब्यात हात घालून रडत बसले होते, मग लोणच्याच्या बरणीमागं दिसले.

काय करू ते कळवा. तुमच्या ऋषिराजला आणि सूनबाई रेश्माला आशीर्वाद.

तुमची
राजेश्वरी


फलटण
२३ नोव्हेंबर २०२४

राजेश्वरीस बनुआक्काचे आशीर्वाद.

आपला कृष्णात गेल्यापासून तुझ्या नावाआधी काय लिहायचं असतं ते मला शिकवायला एकजण आली होती. मी तिला चहा पाजून वाटेला लावलं. मी आपली नुसतं राजेश्वरी लिहिणार.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. पिठाच्या डब्यात हात घालून रडणारी सुभेदारीण! अगं, चीनच्या बॉर्डरवर नवरा असताना तू एकटी पोर सांभाळत होतीस, तेव्हा कुठं गेली होती ही भीती? तुला भीतीबिती काही नाही. तुला एकटं वाटतंय, एवढंच. माणसं जोड. त्या अक्षताला घरात बोलाव, तिच्या हातात वाटीभर चिवडा ठेव. भोकातून बघत बसलं तर माणूस फुगलेलाच दिसणार.

पैशाचं म्हणशील तर ठेवीला वर्षभर हात लावू नकोस आणि आकडा कुणाला सांगू नकोस, देवाला गेलीस तर देवालासुद्धा नको. वरच्यांचं म्हणशील तर ते घेतलेस तेव्हाच मला पटलं नव्हतं. पण मी तिथं पाहुणी म्हणून आले होते, तोंड मिटून बसले. मल्हार रजेवर आला की एखाद्या कर सल्लागाराला विचारून सरळ मार्गाला लाव. तोवर एका जागी ठेव आणि ती जागा विसरू नकोस.

इकडे कारखाना सुरू झालाय. ऋषिराजला पाळीवरून पाळीवर जावं लागतं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो, म्हणून मला बाहेर जाऊ देत नाहीत. मागून हॉर्न वाजला तर मला कळत नाही ना. रेश्मा कानाशी येऊन ओरडते, ते अर्ध्या गल्लीला ऐकू जातं आणि मला तेवढं जात नाही.

संक्रांतीला ये. चार दिवस राहा, भूक लागेल, झोप लागेल.

तुझी
बनुआक्का


माधवनगर
३ डिसेंबर २०२४

आक्का,

हे पत्र वाचलं की चुलीत घाला. फोन करायला कुणाला सांगू नका. माझा फोन ऐकतात.

काल सकाळी फोन आला. दिल्लीचे तपास अधिकारी. माझ्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय म्हणाले. मी म्हटलं चुकीचा नंबर लागला. तर त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. आक्का, समोर वर्दीतला माणूस! खांद्यावर तारे, मागे झेंडा. मी पदर सारखा करून खुर्चीतून उभीच राहिले. इतकी वर्षं सुभेदाराच्या घरात काढली, वरून हुकूम आला की का म्हणून विचारायचं नसतं, हे अंगातच भिनलंय.

तरी मी धीर धरला होता. माझं काही चुकलेलं नाही, असं सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी शांतपणे विचारलं, "घर विकलंत ना? सगळे पैसे बँकेतून आले का?"

त्यांना सगळं माहीत आहे, आक्का. घर विकल्याचंही आणि वरच्यांचंही. मी गप्प बसले, तर ते म्हणाले, "तुमची शांतता रेकॉर्ड झाली आहे."

आता मला घरातच अटक आहे. फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवलाय, कॅमेरा चालू. बाहेर जायचं नाही, दार उघडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, दिवा बंद करायचा नाही. झोपायचं तेही फोनसमोर. मोरीत जाताना विचारावं लागतं. आता मोरीतच बसून पाटावर कागद ठेवून लिहितेय, नळ सोडून. मल्हारला कळवलं तर त्याचं नाव यात येईल आणि पोराची नोकरी जाईल, असं म्हणाले. त्याचं युनिटसुद्धा त्यांना माहीत आहे.

आणखी एक सांगितलंय. ठेव मोडून सरकारी खात्यात पाठवायची, तिथं तपासतील आणि स्वच्छ निघाली की परत करतील. उद्या बँकेत जायला परवानगी आहे, फोन ब्लाउजमध्ये चालू ठेवून. हे बरोबर आहे का हो आक्का? ह्यांना विचारलं असतं. ह्यांचा फोटो समोर आहे, पण फोटोकडे बघायलाही लाज वाटते.

पत्र दुधाच्या पिशवीत ठेवतेय. धुळा दूधवाला भला माणूस आहे, तो पेटीत टाकेल.

मला लय भ्या वाटतंय, आक्का. तुम्ही म्हणता तसं एकटेपणाचं नाही. खरं भ्या.

राजेश्वरी


माधवनगर
४ डिसेंबर २०२४

आक्का,

तुमचं उत्तर यायच्या आधीच दुसरं लिहितेय. उत्तर येईपर्यंत काय राहील कोण जाणे.

ठेव मोडली. अठरा लाख पाठवले. बँकेतली मुलगी दोनदा म्हणाली, "काकी, एवढी रक्कम एकदम का? घरात कुणाला तरी बोलवा की." मला शिकवलं होतं तसं मी बोलले, की फ्लॅटमध्ये फर्निचर करायचंय. तिनं फॉर्म पुढं सरकवला. मला वाटलं आता ओरडावं, पण छातीशी फोन होता. त्यात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

घरी आल्यावर वाटलं, आता तरी सोडतील. तर ते वरच्यांचं विचारायला लागले. ते कुठं आहेत, कुणाकुणाला माहीत आहेत. मी रडून सांगितलं, मला काही कळत नाही, मी म्हातारी बाई. तर आवाज चढवून म्हणाले, "घरात आणखी कुणाचा हिस्सा होता? एक नाव सांगा, तुमचा गुन्हा निम्मा होईल."

आक्का, मी तुमचं नाव सांगितलं.

म्हटलं, नणंद आहे, बनुबाई, फलटणला असते, व्यवहाराच्या वेळी हजर होती, तिनं हक्कसोडपत्र करून दिलंय. तुम्ही एक पैसा न घेता सही केलीत, हे सांगायचं राहूनच गेलं. नाव तोंडातून गेलं आणि त्यांनी लिहून घेतलं. लिहिताना दिसलं मला.

तुमच्याकडे कुणी आलं तर मला काही माहीत नाही म्हणा. सगळं माझ्यावर ढकला. मी काय केलं हे मला कळतंय. अक्षर बघा कसं आलंय.

राजेश्वरी


दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठ्या
६ डिसेंबर, दुपार

राजे, मी आलेय. बनुआक्का. तुझं पत्र सकाळी मिळालं, मिळेल ती गाडी धरून आले. बेल वाजवतेय, दार ठोकतेय. तू आतून काही म्हणत असशील तर मला ऐकू येत नाही. या कागदामागं लिहून बाहेर सरकव.

*

आक्का तुम्ही परत जा. दार उघडायची बंदी आहे. जो येईल तो गुन्ह्यात सामील धरणार आहेत. पाया पडते, जा.

*

ते पोलीस नाहीत, भामटे आहेत. रेश्मानं पत्र वाचताच सांगितलं. पत्र आजच आलं गं. फोनवरून अटक होत नसते म्हणते ती. ठेवीला हात लावू नकोस.

*

ठेव परवाच गेली. नातेवाईक येऊन आम्हाला भामटे म्हणतील, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. चार वाजायच्या आत वरचे सहा भरायचेत, नाहीतर मल्हारवर वॉरंट. आक्का, मी त्यांना तुमचं नाव सांगितलंय. हिस्सेदार म्हणून. तुम्हालाही धरतील. तुम्ही इथं सापडू नका.

*

आक्का?

*

आक्का, गेलात का? भोकातून दिसत नाही तुम्ही.

*

धरू देत. मी जिन्यात बसलेय, दार उघडेपर्यंत उठणार नाही. दार उघड, राजे.


माधवनगर
२२ डिसेंबर २०२४

ती. आक्कांना नमस्कार.

तुम्ही इथून गेल्यावर लगेच लिहिणार होते, पण पेन हातात धरलं की मोरीतला तो पाट आठवायचा. आज अक्षता समोर बसलीय, मटार सोलतेय, म्हणून लिहायला जमतंय.

सांगलीला सायबर शाखेत पुन्हा जाऊन आले. तुम्ही होतात त्या दिवशी अक्षताच्या नवऱ्यानं लगेच तक्रार नोंदवली, त्यामुळे दोन लाख आणि काही हजार कुठल्याशा खात्यात अडकलेत. ते कोर्टाच्या हुकमानं मिळतील. बाकीचे गेले. पुढच्या पुढं, कुणाकुणाच्या खात्यांतून गेले. तिथल्या पोलीस मॅडम स्पष्ट म्हणाल्या, त्यांची आशा धरू नका.

मग मी वरच्यांचंही सांगून टाकलं. म्हटलं, फोनवरच्या त्या साहेबांना ते आधीपासून माहीत होतं, म्हणून मी बोलू शकले नाही. मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "काकी, तेनला काय म्हाईत नव्हतं. घर इकलंय हे तुमीच बोलला असशिला बघा." आणि खरंच आक्का, खात्यात एवढे पैसे कसे, असं त्या भामट्यानं आधी विचारलं होतं, तेव्हा मीच घराचं बोलले होते, मल्हारचं युनिटही मीच सांगितलं होतं. भीतीत विसरून गेले. "आन् सगळं पैसं बँकेतनं आलं का, हे ते सगळ्यांनाच इचारत्यात. घर इकल्यालं निम्मं जग हितं गप बसतंय. गप बसलं की तेंचं काम झालं." रोख रकमेचं एका सल्लागाराकडे जाऊन कर भरून मोकळं व्हा म्हणाल्या. भरणार आहे. जे काय उरेल ते उरेल, निदान जागा बदलायला नको.

मल्हारला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू जेवलीस का?" मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

फोन अजून वाजला की हातातलं पडतं. तुम्ही आत आलात तेव्हा फोनमधला तो माणूस किती ओरडत होता, तुम्हाला नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तुम्ही फोनवर पातेलं पालथं घातलंत, पालीवर घालावं तसं. त्याची आठवण झाली की हसू येतं आणि लगेच पुन्हा धडधडतं.

पण आक्का, एक सांगा. तुम्ही आठ दिवस इथं राहिलात. मला जेवायला घातलंत, शेजारी झोपलात, ठाण्यात बरोबर आलात. मी तुमचं नाव सांगितलं याबद्दल मात्र एक अक्षर बोलला नाहीत. जो पैसा तुम्ही स्वतः नाकारला, त्याच्या पापात मी तुम्हाला ओढलं. त्या चिठ्ठीनंतर तुम्ही बराच वेळ काही लिहिलं नाहीत. मला वाटतं तुम्ही अक्षताकडे कागद मागायला गेला होतात. मी आतून दाराला कान लावून उभी होते, आणि मला पोलिसांपेक्षा जास्त भय तुम्ही गेलात याचं वाटत होतं.

तेच भय अजून आहे. रागवा, दोन शब्द लावून बोला, पण गप्प राहू नका. आता मला गप्प बसणाऱ्या माणसाची भीती वाटते.

तुमची
राजेश्वरी


फलटण
२८ डिसेंबर २०२४

राजेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र रेश्मानं वाचून दाखवायचं म्हटलं, मी दिलं नाही. स्वतः चष्मा लावून वाचलं. हेही तू एकटीच वाच, अक्षता समोर मटार सोलत असेल तर तिला घरी पाठव.

मी कागद मागायला गेले नव्हते.

तुझी ती चिठ्ठी वाचली आणि मी दारापासून मागं सरले. इथून निघताना रेश्मानं मला पटवून सांगितलं होतं, भामटे आहेत, घाबरायचं नाही. एसटीत मी स्वतःवर खूश होते, चालले वहिनीला सोडवायला. पण माझं नाव त्या कागदात आहे, असं वाचलं आणि रेश्माचं सगळं शहाणपण डोक्यातून निघून गेलं. वाटलं, खरंच पोलीस असतील तर? ऋषिराजची नोकरी, घरात सून, दारात गाडी येऊन उभी राहिली तर गल्ली काय म्हणेल? तुझा राग आला. इतका आला की तोंडातून शिवी गेली, आणि माझा आवाज मला ऐकू येत नसल्यानं किती मोठ्यानं गेली कोण जाणे.

मी पिशवी उचलली आणि जिना उतरले, राजेश्वरी. सगळा उतरले. गेटच्या बाहेर जाऊन रिक्षा बघत उभी राहिले. एक असती तर मी बसले असते, स्टँडवर गेले असते आणि रेश्माला सांगितलं असतं, राजेश्वरीनं दार उघडलं नाही. तू पण तेच समजली असतीस.

रिक्षा नव्हती. उन्हात उभं राहून मान दुखली म्हणून वर बघितलं, तर तुझ्या खिडकीत दिवा चालू. भर दुपारी, एवढ्या उन्हात. त्यांनी बंद करायचा नाही म्हणून सांगितलं होतं आणि तू केला नव्हतास. कृष्णातच्या बायकोला कुणी तरी दिवा बंद करायची चोरी केलीय, हे बघून मला रडायला आलं. मग भीती गेली असं नाही. भीती तशीच घेऊन वर आले. लिफ्टमध्ये एकटीनं बसायचं धाडस होईना, म्हणून चालत आले. त्यालाच वेळ लागला.

आठ दिवस तुझ्या शेजारी झोपले, रोज सांगणार होते. तू "आक्का, तुम्ही होतात म्हणून" असं म्हणायचीस आणि मी कूस बदलायचे. तुला वाटलं मी रागानं गप्प आहे. मी लाजेनं गप्प होते.

भ्यालीस तेव्हा तू माझं नाव सांगितलंस. भ्याले तेव्हा मी तुला आत सोडून गेटपर्यंत गेले. कुणाचं जास्त नि कुणाचं कमी, ते मला ठरवायचं नाही. तू दार उघडलंस, मी परत वर आले.

आता तू माझी माफी मागू नकोस, कारण मग मलाही मागावी लागेल, आणि या वयात भावजयीची माफी मागताना माझं तोंड कसं होईल ते मला माहीत आहे.

तुझी
बनुआक्का